तरसाचा वाघ होणार नाही

"तू तरस पाहिलंयस?"

देवरूखच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी रुजू झाले, त्या दिवशी रेवाळेबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, 'डबा आणलास का' हेही नाही. हेडसेट मानेवर ओढून, एका हातात कॉर्ड तशीच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हे विचारलं. मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची. आमच्या घरात होडी, जाळी आणि मासळी. मला मुशी माहीत, शिंगाळा माहीत. तरस कुठून माहीत असणार? मी नाही म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "इथं ज्याला विचारावं त्याने पाहिलेलं असतं, आणि सांगायला लागला की वर्णन वाघाचं करतो. तू निदान खोटं बोलत नाहीस. बस. हा बोर्ड."

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. एक्स्चेंज म्हणजे बाजारपेठेतल्या एका घराची माडी. सकाळी व्यापारी, वखारवाले, डॉक्टर यांच्या मुंबई-पुण्याच्या ट्रंक कॉलची घाई असे आणि दुपारनंतर सगळं थंड. त्या थंड वेळात रेवाळेबाई लिहायच्या. मांडीवर फुलस्केप कागद, कानाला हेडसेट. बोर्डावर एखाद्या नंबराची झडप पडली की डाव्या हाताने प्लग घालून "नंबर प्लीज" म्हणायच्या. उजवा हात कागदावरून उचलायच्या नाहीत.

पूर्ण नाव द्रौपदी रेवाळे. चाळिशीच्या आसपास वय, उंच, हाडापेराने मजबूत. मूळ गाव तांबळवाडी, सह्याद्रीच्या पायथ्याशी. घरची भातशेती, वडील मुंबईत गिरणीत. त्यांच्याजवळ चाळीत राहून त्या मॅट्रिक झाल्या, नोकरीला लागल्या आणि पहिली संधी मिळताच बदली मागून इकडे परत आल्या. लोक मुंबईला जाण्यासाठी धडपडतात, या उलट्या आल्या, याचं गावाला कोडं होतं. लग्न झालं नव्हतं. का नाही, असं कोणी विचारलं की "राहून गेलं" एवढंच म्हणायच्या. एखादं पातेलं घासायचं राहून गेलं असावं अशा आवाजात.

दर रविवारी उजाडताना त्या सड्यावर जायच्या. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. आठ महिने काळं कातळ आणि करपलेलं गवत. तिथे जाऊन करायचं काय, हे देवरूखात कोणालाच कळत नसे. साडी वर खोचलेली, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, काखेत छत्री. चहाच्या टपरीवरचे लोक विचारायचे, "काय बाई, लाकडं आणायला?" त्या म्हणायच्या, "नाही, भेटायला." कोणाला, हे विचारायची हिंमत होत नसे.

सोमवारी ड्यूटीवर येताना त्यांच्या पिशवीत सड्यावरचं काहीतरी असे. सायाळीचा काटा, सापाची कात, कसलं तरी बी. एका सोमवारी त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यात कागदावर पांढरे पांढरे गोळे ठेवले होते. आमचे इन्चार्ज ओकसाहेब अतिशय टापटिपीचे. ड्यूटीचा तक्ता ते स्वतः फळ्यावर लिहीत. त्या दिवशी खडू सापडेना. टेबलावर दिसला तो पांढरा तुकडा त्यांनी उचलला आणि फळ्यावर ओढला. थोडीफार रेघ उमटलीसुद्धा.

"खडू चांगला नाही हा, रेवाळेबाई. कुठून आणलात?"

"सड्यावरून. तरसाची विष्ठा आहे ती."

ओकसाहेब पुतळ्यासारखे उभे राहिले.

"हाडं खातं ना, म्हणून अशी पांढरी," रेवाळेबाई शांतपणे म्हणाल्या. "वाळलेली आहे, साहेब. काही होत नाही."

ओकसाहेबांनी दिवसभर हात किती वेळा धुतले याची गणती नाही. रेवाळेबाईंनी ते गोळे पुन्हा कागदात बांधून घरी नेले. या माणसाचा अपमान झाला किंवा त्याला किळस आली, असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांच्या दृष्टीने एका माणसाला नवीन माहिती मिळाली होती.

त्या काय लिहितात हे मला महिन्याभराने कळलं. मुंबईच्या एका मासिकात त्यांच्या रहस्यकथा छापून येत. नाव 'डी. बी. रेवाळे'. वाचकांना ते गृहस्थ वाटत, संपादकांनाही बरीच वर्षं वाटत होते. तिजोऱ्या, विषाच्या बाटल्या, सोनेरी केसांच्या बायका असं सगळं त्यात होतं. मी एक अंक वाचून भीत भीत म्हटलं, "बाई, गोष्ट छान आहे, पण खून होतो त्या बागेत एकही झाड कसं नाही?"

त्यांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं.

"होतं. सातवीण होती. फुललेली. तिच्या उग्र वासाने त्या माणसाचं डोकं चढतं आणि तो गाफील राहतो, म्हणून तर खून होतो. संपादकांनी काढली. दर वेळी हेच. खून ठेवतात आणि झाड कापतात."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "आता उलटं करते. झाड ठेवते आणि खून काढते."

त्यांनी तसंच केलं. त्या वर्षीच्या एका दिवाळी अंकाला त्यांनी गोष्ट पाठवली. सड्यावरचं एक पाणवठ्याचं डबकं, उन्हाळ्यात आटत जाणारं, आणि त्यावर येणारी जनावरं. त्यात एकही माणूस नव्हता. संपादकांनी कळवलं, गोष्ट आवडली, पण वाचकाला धरून ठेवायला निदान एक तरी माणूस हवा. रेवाळेबाईंनी एक वाक्य वाढवलं. एक माणूस येतो, पाणी पितो, निघून जातो.

"माणूस हवा होता ना?" त्या मला म्हणाल्या. "आला. पाणी प्यायला. गेला. त्यापेक्षा जास्त तो तिथे काही करतही नाही."

गोष्ट छापून आली आणि त्यावर पहिल्यांदा 'द्रौपदी रेवाळे' हे नाव आलं. त्यांनी तो अंक बोर्डाशेजारी उघडून ठेवला आणि दिवसभर मिटू दिला नाही. पान वाऱ्याने उलटलं की पुन्हा उलटवून ठेवायच्या. एवढाच काय तो आनंद त्यांनी दाखवला.

त्यानंतर कादंबरी सुरू झाली. नाव 'लंगडी'. फासक्यात सापडून पाय अधू झालेली एक तरस मादी आणि एका वर्षातलं तिचं सड्यावरचं जगणं, एवढीच गोष्ट. त्यात दोन-तीन वर्षं गेली. पावसात घाटातली लाइन तुटायची, दिवसच्या दिवस बोर्ड मुका असायचा. तेव्हा त्यांची पानंच्या पानं व्हायची. कधी एकाच वाक्यावर आठवडा जायचा. मला वाचायला द्यायच्या आणि तोंडाकडे बघत बसायच्या. मी छान म्हटलं की रागवायच्या. "छान काय? तिला भूक लागलीय हे कळतंय का, ते सांग."

घरी मात्र या कादंबरीचं नाव काढायची सोय नव्हती. बाजारपेठेच्या टोकाला दोन खोल्यांत त्या आणि त्यांची आई राहत. आये लहानखुरी, काटक, दिवसभर काहीतरी निवडत बसलेली. त्या घरात तरस हा शब्द उच्चारायचा नाही असा आयेचा दंडक होता. मी एकदा नकळत उच्चारला तर तिने सुपातले तांदूळ खाली ठेवले आणि आत निघून गेली. रेवाळेबाईंनीच मग सांगितलं. त्यांच्या पाठीवर एक भाऊ झाला होता, चार महिन्यांचा होऊन गेला. लहान मुलांना पुरतात. सड्यावर माती कमी, खड्डा उथळ. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काही उरलं नव्हतं.

"मी तेव्हा पाच-सहा वर्षांची. आयेबरोबर गेले होते. मऊ मातीत पावलं उमटली होती. आये रडत होती आणि मी त्या पावलांकडे बघत होते. माझी तेव्हापासूनची ओढ आहे आणि तिचा तेव्हापासूनचा राग. एकाच जागेवरून निघालेत दोन्ही."

कादंबरी पुरी झाली. एका प्रकाशकांनी न वाचता परत पाठवली. दुसऱ्यांनी सुचवलं की अर्धी करा, मुलांसाठी काढू. मग ती पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशकांकडे गेली आणि एका दुपारी बोर्डावर पुण्याचा पी.पी., म्हणजे नाव सांगून मागितलेला, कॉल आला, रेवाळेबाईंसाठीच.

"दे," त्या म्हणाल्या. "आणि लाइनवरून जाऊ नकोस. उद्या मी सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही."

"रेवाळेबाई," पलीकडून भारदस्त आवाज आला, "एका बैठकीत वाचली तुमची कादंबरी. काय भाषा आहे! तो सडा अक्षरशः डोळ्यांपुढे उभा राहतो."

"हं."

"एकच सुचवायचं होतं. अगदी किरकोळ. तरसाऐवजी वाघीण केली तर?"

रेवाळेबाईंनी हेडसेट कानावर दाबला.

"वाघीण?" रेवाळेबाई म्हणाल्या.

"बाकी काही बदलायचं नाही हो. फक्त जनावर. तरस म्हटलं की वाचकाला किळस येते. वाघ म्हटला की कसा रुबाब येतो. शिवाय ते तरस म्हणे हसतं बिसतं..."

"हसणारं आफ्रिकेत असतं. आपलं हसत नाही. माझी तरस मेलेल्या बैलाची हाडं फोडून पिलांना घालते. तुमची वाघीण फोडेल?"

"तो प्रसंग जरा सौम्य..."

"माझी तरस लंगडते. भिते. माणसाचा वास आला की बिळाबाहेर पडत नाही. हे तुमच्या रुबाबात बसेल?"

"बाई, चिडू नका. बिबट्या करा हवं तर."

मी ओठ आवळून धरले होते. तेवढ्यात वेळ भरली. मी सरकारी आवाजात म्हटलं, "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

"वाढवा," प्रकाशक म्हणाले.

"नको," रेवाळेबाई म्हणाल्या. "साहेब, तुमच्या आत्मचरित्रात तुमच्याजागी एखादा देखणा नट घातला तर चालेल? बाकी काही बदलायचं नाही. फक्त माणूस. तरसाचा वाघ होणार नाही. नले, प्लग काढ."

मी काढला. मला हसू आवरत नव्हतं, पण त्या हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांचा फोन लाकडाच्या वखारीत जोडला आणि वखारीचा डॉक्टरांच्या घरी. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हस्तलिखित टपालाने परत आलं आणि नंतर कितीतरी दिवस मांडीवर कागद दिसला नाही. रविवारी मात्र त्या जात राहिल्या.

अशाच एका रविवारी, होळीच्या आधी, सकाळीच त्या माझ्या खोलीवर आल्या. तांबळवाडीहून एस.टी.च्या कंडक्टरकडून निरोप आला होता. वाडीतल्या गणपतची तान्ही मुलगी तापाने गेली, तिला सड्यावर पुरली आणि तरसाने उकरली. वाडीने आज बीळ पेटवायचं ठरवलं होतं.

"येतेस?" त्या म्हणाल्या. मी चपला घातल्या.

आम्ही पोचलो तेव्हा कातळ तापायला लागलं होतं. सड्याच्या कडेला जांभ्यात एक आडवी घळ होती, माणूस वाकून शिरेल एवढी. समोर दहा-पंधरा पुरुष, काठ्या, कोयत्या, कुत्री आणि पेंढ्याचे भारे. पेंढ्यात मिरच्या घातल्या होत्या. रेवाळेबाई सरळ त्यांच्यामधून गेल्या आणि घळीच्या तोंडाशी पाठ करून खाली बसल्या.

त्यांचा चुलतभाऊ दादू पुढे आला. "दुरपे, उठ तितून. तू बाजारात ऱ्हातंस, तुला काय म्हायती आमचा?"

"मी उठायची न्हाय," रेवाळेबाई म्हणाल्या. एक्स्चेंजमधली भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली होती. "पेटवायचा तर पेटव."

"लोका काय म्हणतील? बायला भूत लागलान म्हणतील."

"म्हणतातच हायत."

काही जण हसले, काही शिव्या देऊ लागले. एकाने काडेपेटी काढली. तेव्हा गर्दीतून एक पोरसवदा माणूस पुढे आला. त्याच्या हातात काठी नव्हती. तो गणपत.

"ताय," तो म्हणाला, "माज्या पोरीला काढलीन गो त्यान. नाव पन ठेवला नव्हता अजून. आता तूच सांग, मी काय करू?"

प्रकाशकाला, साहेबाला, चुलतभावाला सडेतोड उत्तर देणाऱ्या रेवाळेबाई जराशा बाजूला सरकल्या. त्यांनी हात पुढे केला आणि त्याला आपल्याशेजारी बसवलं. दोघं तशीच बसली. घळीच्या तोंडाशी, पेंढ्याच्या भाऱ्यांसमोर.

मग त्यांनी हळूच विचारलं, "किती खोल काढला व्हतास?"

"कातळ हाय ताय. हातभर पन लागत न्हाय."

"काय उरलाय ना?"

त्याने मान हलवली. फडक्यात बांधून ठेवलं होतं.

"चल. खाली वळणाला मातीची जागा हाय. मी खणते. कंबरभर खणते आनि वर चिरे लावते. पुन्ना कोन हात लावायचा न्हाय तिला."

"बायमाणसान खणायचा नसता!" दादू ओरडला.

"मग तू खण," त्या म्हणाल्या. दादू जागचा हलला नाही. त्या उठल्या आणि माझ्याकडे वळल्या. "नले, इथं बस. मी येईपर्यंत उठायचं नाही."

मी खाऱ्या पाण्याची पोर. समोर कोयत्या घेतलेले पुरुष आणि पाठीशी ती घळ. मी बसले. आजही मला कळत नाही कशी बसले ते. खालच्या वळणावरून कुदळीचा आवाज येऊ लागला. एक घाव, मग श्वासाएवढी उसंत, मग दुसरा. बाई खणत होत्या आणि गणपत माती ओढत होता. बराच वेळ वरचे लोक नुसते ऐकत उभे होते. मग एक म्हातारा खाली गेला. त्याच्यामागे आणखी दोघे. कोणी चिरे उचलून नेऊ लागला. शेवटी दादूही गेला, पहार घेऊन. माझ्यासमोर उरले ते पेंढ्याचे भारे आणि एक दमलेला कुत्रा. तेव्हा माझ्या पाठीमागे, घळीत खोल, काहीतरी दगडाला घासल्याचा आवाज आला. एकदाच. मी मागे वळून पाहिलं नाही.

रेवाळेबाई परत आल्या तेव्हा कोपरापर्यंत लाल मातीने माखल्या होत्या. तळहात फुटले होते. पुढचे आठ-दहा दिवस त्या फडकं गुंडाळून प्लग घालत होत्या. त्या दिवशी बीळ पेटलं नाही. पुढे तांबळवाडीत मुलाला चिऱ्याशिवाय कोणी पुरलं नाही असं म्हणतात.

रत्नागिरीच्या एका वर्तमानपत्रात याची छोटी बातमी आली. तरसासाठी बाई बिळाच्या तोंडाशी बसली, एवढीच. वाचून रेवाळेबाई संतापल्या. "पोरीचं काहीच नाही यात! जणू मी खेळ करायला गेले होते." बातमी पुण्यापर्यंत पोचली असावी, कारण थोड्याच दिवसांत पुन्हा तो पी.पी. कॉल आला.

"बाई, कमाल केलीत!" तोच भारदस्त आवाज. "आता वाघबिघ काही नको. तरसच ठेवू. फक्त शेवटी हा प्रसंग घाला. तुम्ही, ते बीळ, तो गाव. मुखपृष्ठावर तुमचा फोटो. आणि नाव 'तरसांची आई'. हातोहात जाईल पुस्तक."

"त्या गोष्टीत मी नाही," रेवाळेबाई म्हणाल्या. "आणि गणपतची पोर तर नाहीच नाही. तिच्या जिवावर पुस्तक विकायचं?"

"तसं नाही हो, पण वाचकाला..."

"तीन मिनिटं झाली," मी म्हटलं. "वाढवू?"

"वाढव," या वेळी रेवाळेबाईच म्हणाल्या. "साहेब, ऐका. फोटो नाही. नवा शेवट नाही. पुस्तकाचं नाव 'लंगडी'. माझं नाव पूर्ण, द्रौपदी रेवाळे. आत जे लिहिलंय ते, तसंच. छापायचं तर हे छापा."

पलीकडे खुर्ची करकरली.

"फार हट्टी आहात, बाई."

"हो."

"आणि नाही विकलं तर?"

"तरसाला काही फरक पडणार नाही. मला पडेल. तो मी बघेन."

प्रकाशक हसले. मनापासून हसले. "पाठवा," ते म्हणाले.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, पण संपली नाही. पुस्तक तयार झालं आणि पहिली प्रत टपालाने एक्स्चेंजमध्ये आली. आम्ही सगळे भोवती जमलो. रेवाळेबाईंनी कागद फाडला आणि नुसत्या बघत राहिल्या. मुखपृष्ठावर पिवळाधमक अंग, काळे पट्टे, उघडा जबडा.

"नले, हे काय आहे?"

मी ओकसाहेबांकडे पाहिलं.

"ओकसाहेब, तुम्ही सांगा."

ओकसाहेबांनी चष्मा लावला. "वाघ," ते म्हणाले. "चांगला काढलाय."

रेवाळेबाईंनी तिथल्या तिथे रजेचा अर्ज लिहिला आणि मिळेल त्या एस.टी.ने पुणं गाठलं. तिथे काय झालं ते त्यांनी नंतर तुकड्या-तुकड्याने सांगितलं. त्या थेट बाइंडिंगच्या खोलीत गेल्या आणि कव्हरांच्या गठ्ठ्यावर बसल्या. चित्रकाराला बोलावलं. त्या बिचाऱ्याने तरस कधी पाहिलंच नव्हतं, पट्टे असतात एवढं ऐकलं होतं. बाईंनी पेन्सिलीने काढून दाखवलं, पुढून उंच, मागून उतरतं. तो म्हणाला, "हे तर गाढवासारखं दिसतंय." बाई म्हणाल्या, "थोडं तसंच दिसतं. काढा." पण त्याला ते जमेना आणि प्रकाशकांना थांबायला वेळ नव्हता. शेवटी तोडगा निघाला. बिनचित्राचं, राखी रंगाचं मुखपृष्ठ. वर 'लंगडी', खाली द्रौपदी रेवाळे. वाघाची सगळी कव्हरं रद्दीत गेली. बाईंनी ती जाताना स्वतः पाहिली.

देवरूखच्या दुकानदाराने नाव वाचून ते पुस्तक खो-खो आणि कबड्डीच्या पुस्तकांत ठेवलं. सुरुवातीला खप नव्हताच. मग हळूहळू वाचक मिळत गेले. कॉलेजात चर्चा झाली. दापोलीहून शेतकी कॉलेजची मुलं सडा बघायला आली, तर बाईंनी त्यांना दिवसभर उन्हात बसवलं आणि एकही जनावर दिसलं नाही तेव्हा म्हणाल्या, "आज त्यांची इच्छा नव्हती. पुढच्या वेळी या." पुढे दुसरी आवृत्ती निघाली. पुण्याच्या प्रकाशकांनी मुखपृष्ठ राखीच ठेवलं.

सगळ्यात अवघड वाचक घरातच होता. एका संध्याकाळी मी गेले असताना आयेने सूप बाजूला सारलं आणि लेकीला म्हणाली, "आण ता बुक. काय लिवलंस ऐकू दे."

रेवाळेबाई वाचू लागल्या. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता. रोज थोडं थोडं करत वाचन लंगडीचं एक पिलू मरतं तिथे आलं. ती ते तोंडात धरून दिवसभर हिंडते आणि ठेवायला जागा शोधते. आये म्हणाली, "पुरे." भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी वाचन झालं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता तिने मान वर न करता विचारलं, "मग?"

"मग काय, आये?"

"मीन तिला माफ केलेली न्हाय," आये म्हणाली. "मरेपतुर करायची न्हाय. पन फुडं काय झाला ता सांग."

रेवाळेबाईंनी पुस्तक उघडलं. मी निघाले, पण त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. तो आता बारीक नव्हता.

दशक संपता संपता एक्स्चेंज स्वयंचलित होणार अशी हवा सुरू झाली आणि माझी बदली रत्नागिरीला झाली. भाद्रपदाचे दिवस होते, पाऊस उघडला होता. मला पोचवायला रेवाळेबाई स्टँडवर आल्या आणि गाडी सुटताना स्वतःही चढल्या. म्हणाल्या, जरा पुढपर्यंत येते. खिडकीशी बसून बाहेर बघत होत्या. गाडी चढण चढून सड्याच्या सपाटीला लागली. काळं कातळ कुठे दिसतच नव्हतं. नजर जाईल तिथवर निळी, जांभळी, पिवळी फुलं.

त्या उठल्या. "कंडक्टर, थांबवा."

"बाई, इथं स्टॉप नाय."

"माहीत आहे."

"अहो, पुढं फाट्यावर उतरवतो. इथं वस्ती नाय, माणूस नाय, काय नाय."

त्यांनी हात वर करून दोरी ओढली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि आरशातून शिवी घातल्यासारखं बघितलं. रेवाळेबाई उतरल्या. माझ्या खिडकीखाली येऊन म्हणाल्या, "नले, समुद्रावर लिही काहीतरी. तुला माहीत असलेलंच लिही. आणि कोणी बदलायला सांगितलं तर..." पुढचं गाडीच्या आवाजात बुडालं. मला ते ऐकू यायची गरज नव्हती.

गाडी हलली. मी मान बाहेर काढून बघत राहिले. त्या फुलांमधून सरळ आत निघाल्या होत्या, वाट नव्हती तिकडे. थोडं अंतर गेल्यावर त्या एकदम थबकल्या आणि कोणीतरी हाक मारल्यासारख्या हळूच खाली बसल्या. मान पुढे, हात गुडघ्यांवर, अगदी स्थिर. त्यांना काय दिसलं होतं कोण जाणे. फुलांच्या वर फक्त त्यांचं डोकं दिसत होतं. मग गाडी वळली.